आठ खंडांचा इतिहास ऑनलाइन गटात वाचायचा, तर सुरुवात कुठून?

तुमचा प्रश्न असा आहे: गो. स. सरदेसाईंची 'मराठी रियासत' आठ खंडांची, ती पुण्यातल्या आणि परगावच्या मित्रांबरोबर ऑनलाइन वाचायची आहे. लोक टिकतील का? टिकतात. फक्त पहिल्या खंडाच्या पहिल्या पानापासून सुरू करू नका.

आमचा गट पुण्यातूनच चालतो. आम्ही थोरल्या माधवरावांपासून सुरुवात केली. 1761 ते 1772, जेमतेम अकरा वर्षं. पानिपतानंतर सोळा वर्षांचा मुलगा पेशवा होतो, 1762 मध्ये आळेगावला चुलत्यापुढे, म्हणजे राघोबादादांपुढे, नमतं घेतो, पुढच्याच वर्षी त्याच चुलत्याला बरोबर घेऊन राक्षसभुवनला निजामाला हरवतो आणि 1768 मध्ये धोडपला राघोबादादांचा पाडाव करून त्यांना शनिवारवाड्यात कैदेत ठेवतो. माणसं मोजकी, पण त्यांचं आपसातलं नातं सतत पालटतं, त्यामुळे पुढचं वाचायची ओढ राहते. एवढा भाग झाला की गटाला स्वतःचा वेग कळतो. मग मागे शहाजीराजांकडे जायचं की पुढे बारभाईंकडे (राघोबादादांविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांकडे), हे सगळ्यांनी मिळून ठरवा.

माझं निरीक्षण असं, की लोक कंटाळून कमी आणि गोंधळून जास्त गळतात. बाजीराव दोन, माधवराव दोन, चिमाजी अप्पा दोन. सातारा आणि कोल्हापूरच्या गाद्यांवर शिवाजी, शाहू, संभाजी ही नावं पुन्हा पुन्हा. म्हणून वंशवेलीचं एक पान आणि एक नकाशा व्हॉट्सॲप गटावर पहिल्याच दिवशी टाका. तारखांचंही तेच. शकात 78 मिळवले की इसवी सन येतं असं आपण शिकलेलो असतो, पण पानिपतची लढाई पौष शुद्ध अष्टमी, शके 1682 ची. 78 मिळवले तर 1760 येतं आणि लढाई तर 14 जानेवारी 1761 ची! शकाचं वर्ष चैत्रापर्यंत चालतं आणि इसवी सन मात्र जानेवारीतच बदलतं, त्यामुळे पौष-माघात असा घोळ होतो. आमच्यातले एक निवृत्त काका जंत्री (तिथी आणि तारखा जुळवायची कोष्टकं) जवळ घेऊनच बसतात, त्यांचा फार आधार वाटतो.

आता खरं महत्त्वाचं. राघोबादादांचा विषय निघाला की पुण्यात प्रत्येकाचं मत तयार असतं, आणि ते पुस्तक उघडण्याआधीचं असतं. आमचा एकच नियम आहे: मत मांडायचं तर आधी पान सांगायचं, तिथे काय लिहिलंय ते वाचून दाखवायचं, मग आपलं म्हणणं. याने वाद थांबत नाहीत, पण ते पुस्तकाबद्दल होतात. दुसरं, दर बैठकीत एक अस्सल पत्र मोठ्याने वाचा. पेशवे दफ्तरातल्या, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराच्या कागदपत्रांतल्या, निवडक कागदांचे 45 खंड सरदेसाईंनीच संपादित केले, 1930 नंतर ते छापले गेले. त्या पत्रांत विरामचिन्हांचा आधार फारसा नसतो. मनात वाचताना काहीच हाती लागत नाही, कुणी सावकाश मोठ्याने वाचलं की वाक्य कुठे तुटतं ते ऐकू येतं. कर्ज, धान्य, घोडे, आजारपण, पावसाने अडलेली वाट. चार ओळींच्या कागदातून इतिहासकार एक वाक्य कसं उभं करतो ते तिथे दिसतं. आमच्या गटातले बरेच जण या पत्रांसाठीच येतात.

बाकी सोपं आहे. आठवड्याला वीस-पंचवीस पानं, रविवारी रात्री साडेआठला गूगल मीट. तेव्हा अमेरिकेतल्यांची सकाळ असते. दर वेळी विषय मांडणारा वेगळा, आणि वेळ एक तास.

खंड पुण्याच्या पुस्तकबाजारात, अप्पा बळवंत चौकात, चौकशी करून घ्या. (ज्यांचं नाव या चौकाला आहे त्या अप्पा बळवंतांचे वडील, बळवंतराव मेहेंदळे, पानिपतच्याच मोहिमेत पडले.) ज्यांना खंड मिळणार नाहीत त्यांची अडचण होऊ नये: सरदेसाई 1959 मध्ये वारले, त्यामुळे त्यांच्या मूळ लेखनावरचा स्वामित्वहक्क 2019 अखेर संपला आणि जुन्या आवृत्तीच्या पानांचे फोटो गटावर टाकता येतात. नव्या आवृत्त्यांतल्या प्रस्तावना आणि टिपा मात्र संपादकांच्या आहेत, त्या टाकू नका.