वाचकांचे प्रश्न : वेबवरून आणलेला तक्ता आणि मागे राहिलेली क्वेरी

प्रश्न : संस्थेच्या अहवालासाठी मी २०११ च्या जनगणनेतील जिल्हावार लोकसंख्येचा तक्ता विकिपीडियावरून एक्सेलमध्ये आणला, त्यासाठी 'डेटा' टॅबमधील 'फ्रॉम वेब' ही सोय वापरली. आता फाइल उघडली की बाहेरील डेटाविषयीची पिवळी सूचना दिसते. क्वेरी (म्हणजे त्या वेबपानावरून तक्ता आणणारी, फाइलमध्ये राहिलेली जोडणी) काढून टाकली तर आकडेही जातील का? ती ठेवण्यात काही फायदा आहे का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आकडे जाणार नाहीत. 'क्वेरीज अँड कनेक्शन्स' या पट्टीत क्वेरीवर राइट क्लिक करून 'डिलीट' केले की शीटमधील तक्ता आहे तसा राहतो, फक्त पुढे तो रिफ्रेश करता येत नाही. दुसरी एखादी क्वेरी हिच्यावर अवलंबून असेल, तर मात्र एक्सेल ती काढू देत नाही.

जनगणनेचे आकडे बदलत नाहीत, मग क्वेरी राहिली म्हणून काय बिघडते, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण तुमची क्वेरी एका वेबपानाशी जोडलेली आहे आणि ते पान कोणीही, केव्हाही संपादित करू शकतो. ठाण्याचेच पाहा. २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ नोंदली गेली. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर, त्या भागाचे २९,९०,११६ वजा केले की ठाण्याकडे ८०,७०,०३२ उरतात. दोन्ही आकडे २०११ चेच आणि आपापल्या जागी बरोबर आहेत, पण संपादकाने एकाच्या जागी दुसरा घातला आणि तुम्ही रिफ्रेश केले, की अहवालातील टक्केवारी कोणाला कळायच्या आत बदलून जाईल. नावांचा घोळ निदान डोळ्यांना दिसतो : २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले, पुढच्या वर्षी अहमदनगरचे अहिल्यानगर. तुमचे व्हीलुकअप (नावावरून तक्त्यातील आकडा शोधून आणणारे सूत्र) जुनी नावे शोधत असेल, तर त्या ओळींत 'एन/ए', म्हणजे 'सापडले नाही', असे उमटेल. पानावरील एखाद्या स्तंभाचे शीर्षक बदलले, तर क्वेरीतील 'चेंज्ड टाइप' (स्तंभात आकडे आहेत की मजकूर हे ठरवणारी) ही पायरी जुने शीर्षक शोधत राहते आणि रिफ्रेश अडते.

असे असले तरी क्वेरी सरसकट पुसून टाकावी, या मताचा मी नाही. तळटिपांचे चौकोनी कंस काढणे, बेरजेची ओळ वगळणे, मजकुराचे आकड्यांत रूपांतर करणे ही सगळी साफसफाई 'अप्लाइड स्टेप्स'मध्ये क्रमाने नोंदलेली असते, आणि हा आकडा कुठून आला असे उद्या कोणी विचारले तर तीच नोंद कामाला येते. म्हणून क्वेरी असलेली मूळ फाइल स्वतःपाशी ठेवावी. अहवालाच्या फाइलमध्ये 'पेस्ट स्पेशल' मधील 'व्हॅल्यूज' वापरून केवळ आकडे न्यावेत आणि तक्त्याखाली पानाचा पत्ता व तारीख लिहावी. विकिपीडियावर 'पर्मनंट लिंक' मिळते; पत्ता देताना तीच द्यावी, कारण ती पानाच्या त्या दिवशीच्या आवृत्तीकडे नेते. मूळ फाइलमधील क्वेरीच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये फाइल उघडताना रिफ्रेश करण्याची आणि 'रिफ्रेश ऑल'मध्ये सामील होण्याची खूण काढलेली बरी. रोजचे विनिमय दर किंवा बाजारभाव यांची गोष्ट वेगळी. तिथे ताजा आकडाच हवा असतो, तेव्हा क्वेरी चालू ठेवावी.

प्रश्न : मी गूगल शीट्समध्ये 'इम्पोर्टएचटीएमएल' हे वेबपानावरील तक्ता आणणारे सूत्र वापरतो. तिथेही हेच करावे का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : होय, आणि तिथे जास्तच सावध राहावे, कारण शीट उघडी असताना हे सूत्र दर तासाला आपोआप ताजे होते. सूत्र पुसले तर आकडेही जातात. तेव्हा आधी संपूर्ण तक्ता निवडून कॉपी करावा, दुसऱ्या शीटमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही या कळांनी केवळ मूल्ये चिकटवावीत आणि ती नीट आली आहेत याची खात्री झाल्यावरच मूळ सूत्राला हात लावावा.