जुन्या एमजीचा हॅन्डब्रेक उलटा का चालतो?

तुम्ही विचारलंय की ओळखीच्या गृहस्थांची एमजी टीसी ही जुनी ब्रिटिश दोन आसनी स्पोर्ट्स कार चालवायला मिळणार आहे, पण तिचा हॅन्डब्रेक उलटा चालतो आणि स्पीडोमीटर शेजारी बसणाऱ्यासमोर आहे. हे सगळं असं विचित्र का?

मी इंग्लंडमध्ये राहतो आणि सुट्टीच्या दिवशी अशा गाड्यांच्या दुरुस्तीत हात घालतो. माझ्या मते यात विक्षिप्तपणा जवळजवळ काहीच नाही. एखादी कळ वेड्यावाकड्या जागी दिसली की तिच्यामागची तार किंवा रॉड कुठे जातो ते बघायचं. या गाड्या हलक्या आणि स्वस्त ठेवायच्या होत्या, त्यामुळे जिथे कमीत कमी सामानात काम भागेल तिथे कळ बसवली जायची. चालकाने तिथे हात न्यायची सवय करायची.

हॅन्डब्रेक मात्र मुद्दाम तसा केलेला आहे. नेहमीच्या गाडीत लिव्हर ओढला की तो दात्यांत अडकतो आणि सोडायला बटण दाबावं लागतं. टीसीत नुसता ओढला तर अडकतच नाही, हात काढला की खाली पडतो. गाडी उभी करताना लिव्हर ओढून धरायचा आणि वरचं बटण दाबायचं, मग तो अडकतो. सोडताना बटणाला हात लावायचा नाही. लिव्हर जरासा आणखी ओढायचा आणि सोडून द्यायचा, तो आपोआप सुटतो. 1930च्या दशकात अशा गाड्या घेऊन लोक चिखलाच्या, दगडांच्या चढांवर स्पर्धा करायचे. चढावर थांबायचं आणि मागे न घसरता पुन्हा निघायचं. तिथे एक हात स्टिअरिंगवर असताना बटण चाचपत बसणं परवडत नाही. क्लच पकडला की एका झटक्यात ब्रेक मोकळा व्हायला हवा. ही सोय युद्धानंतरच्या टीसीत (1945 ते 1949) राहिली आणि 1955च्या एमजीए या तिच्याच कंपनीच्या पुढच्या स्पोर्ट्स कारमध्येही आली. मला हा आजवरचा सगळ्यात चांगला हॅन्डब्रेक वाटतो. हात बसला की साधा लिव्हर मंद वाटू लागतो.

स्पीडोमीटरचंही तसंच. टीसीत चालकाच्या समोर इंजिनाचे फेरे दाखवणारं मीटर आहे, कारण गिअर कधी बदलायचा हे त्यावरून कळतं. वेगाचा आकडा शेजाऱ्याने वाचावा! पण ब्रिटनमध्ये 1935 पासून वस्तीत ताशी 30 मैलांची मर्यादा होती, म्हणून टीसीच्या डॅशबोर्डवर त्या मर्यादेचा इशारा देणारा छोटा दिवाही सापडतो.

तार कुठे जाते हे बघायचं असेल तर एमजीए उत्तम. सेल्फ मारायला किल्ली फिरवायची नाही, डॅशबोर्डवरची मूठ ओढायची. मुठीची तार थेट स्टार्टरच्या स्विचपर्यंत जाते, मध्ये रिले (विजेवर चालणारा स्विच) वगैरे काही नाही. हॉर्नचं बटण डॅशबोर्डच्या मध्यावर आहे, त्यामुळे स्टिअरिंगच्या पोकळीतून वायर न्यावी लागत नाही. इंडिकेटरही डॅशबोर्डवरच, आणि तो बंद कसा होतो पाहा: स्विचमध्ये हवेचा छोटा दट्ट्या आहे, तो हळूहळू मागे सरकतो आणि इंडिकेटर विझतो. वळण पूर्ण झालं की नाही याच्याशी त्याचा काही संबंध नाही. एमजीएचा पायाने मारायचा डिपर तर आपल्याकडच्या जुन्या अ‍ॅम्बॅसेडर चालवलेल्यांना ओळखीचाच असेल.

मॉर्गन या ब्रिटिश कंपनीची जुनी तीनचाकी याहून टोकाची. व्ही-ट्विन (व्ही आकारात बसवलेल्या दोन सिलिंडरच्या) इंजिनच्या मॉडेलांत ॲक्सिलरेटरचं पेडलच नाही, स्टिअरिंगवर बोटाने सरकवायचा लिव्हर असतो. पायाचा ब्रेक मागच्या एकुलत्या चाकाला आणि हाताचा ब्रेक पुढच्या दोन चाकांना. म्हणजे जोरात थांबायचं तर हात-पाय दोन्ही हवेत. मोटरसायकलच्या दुनियेतून आलेली गाडी, तिची कळही तिथलीच.

साब या स्वीडिश कंपनीच्या सॉनेट 2 या स्पोर्ट्स कारमध्ये तर गिअर स्टिअरिंगच्या बाजूला आहे, अगदी आपल्या प्रीमियर पद्मिनीसारखा. कारण सरळ आहे: आतली यंत्रणा साबच्या घरगुती गाडीची होती आणि तिचा गिअर तिथेच होता. 1970च्या सॉनेट 3 मध्ये तो खाली जमिनीवर आणला. पोर्श 914 मध्ये हॅन्डब्रेक चालकाची सीट आणि दार यांच्या मध्ये आहे. उतरताना पाय अडकेल असं वाटतं, पण ब्रेक लावल्यावरही लिव्हर खाली पाडून ठेवता येतो. इतक्या अडचणीच्या जागेतून काढलेली वाट म्हणून मला हा तोडगा फार आवडतो.

आता तुमच्या कामाचं. चावी हातात घेण्याआधी गाडी सपाट जागी उभी असताना हॅन्डब्रेक दहा-बारा वेळा लावून सोडून बघा. रस्त्यावर नजर असताना तो चुकतो आणि उभी केलेली गाडी घरंगळते. शंका असेल तर पहिल्या गिअरमध्ये ठेवूनच उतरा. टीसीची पेडलं नेहमीच्याच क्रमाने आहेत, त्यांची काळजी नको. मात्र त्याच गृहस्थांकडे युद्धापूर्वीची एखादी गाडी असेल, समजा अल्फा रोमिओ 6सी 1750, आणि तीही चालवायचा आग्रह झाला, तर आधी वाकून पेडलं बघा. त्या गाडीत ॲक्सिलरेटर मध्ये आहे आणि ब्रेक उजवीकडे. घाबरल्यावर पाय जुन्या सवयीनेच पडतो, म्हणून ती गाडी मोकळ्या मैदानात हात बसेपर्यंत रस्त्यावर काढू नका.