रिळांसाठी नाही, पण ठेव मोडा

पत्र (थोडक्यात) : "वय 61, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त शिक्षक, मुक्काम गेवराई. वडील पाटबंधारे खात्यात होते, जायकवाडीच्या कामावर. मामांनी जर्मनीहून आणलेल्या कॅमेऱ्यावर वडिलांनी केलेल्या चित्रीकरणाची 'सुपर एट'ची (घरगुती चित्रीकरणाची 8 मिमी फिल्म) 26 रिळं माळ्यावर सापडली, प्रत्येकी 50 फुटांची. सहा रिळांना आंबूस वास येतो. मुंबईच्या एकाने साफसफाई, 'केमिकल रिस्टोरेशन' आणि फोर-के (अति बारकाव्याचं) स्कॅन असे 2 लाख 60 हजार सांगितले. माझे 24 लाख एका मल्टिस्टेट (अनेक राज्यांत चालणाऱ्या) पतसंस्थेत साडेबारा टक्क्यांनी आहेत. चार पावत्या, त्यातल्या सहा लाखांच्या पावतीची मुदत पुढच्या महिन्यात संपते. मॅनेजर म्हणतात, मोडली तर दोन टक्के कापू, त्यापेक्षा ठेवतारण कर्ज घ्या, 14 टक्क्यांनी. काय करू? मुलगा म्हणतो, धरणाच्या कामाचं चित्रीकरण एखादं चॅनल विकत घेईल, खर्च निघून येईल."

गुरुजी, ठेव मोडा. अडीच लाखांपुरती नाही, चारही पावत्या. रिळं सापडली नसती तरी हेच सांगितलं असतं.

तुम्ही पत्रात दोनदा 'आमची बँक' लिहिलंय. ती बँक नाही. मल्टिस्टेट पतसंस्थेवर रिझर्व्ह बँकेची देखरेख नसते. तिचे निबंधक दिल्लीत बसतात. बँक बुडाली तर ठेवीदाराला 5 लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, सहकारी बँकेलाही असतं. पतसंस्थेला एक रुपयाचंही नसतं. चार पावत्या केल्याने जोखीम चार ठिकाणी वाटली गेली, असंही नाही. संस्था एकच आहे ना?

गेवराईत राहून हे मला तुम्हाला सांगावं लागतंय, याचंच नवल वाटतं. बीड जिल्ह्यात मल्टिस्टेटचे ठेवीदार पावत्या हातात घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयासमोर बसलेले तुम्हीही पाहिलेत. त्यांनाही कोणीतरी 'सर, आपली माणसं आहेत' असं म्हटलं होतं.

आता हिशोब. साडेबारा टक्क्यांनी तुम्हाला वर्षाला 3 लाख मिळतात. तेच 24 लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत सध्याच्या 8.2 टक्क्यांनी सुमारे 1 लाख 97 हजार देतात. फरक वर्षाला एक लाखाचा, म्हणजे महिन्याला साडेआठ हजारांचा. या साडेआठ हजारांपायी तुम्ही 24 लाख टांगून ठेवलेत. मुद्दल गेलं तर ते या जादा व्याजातून भरून यायला 23 वर्षं लागतील. तेव्हा तुम्ही 84 वर्षांचे असाल.

शिवाय साडेबारा टक्के संस्था देते कुठून? ती पुढे 16-18 टक्क्यांनी कर्ज वाटते म्हणून. आणि त्या दराने कर्ज कोण घेतं? ज्याला बँकेने दारातही उभं केलं नाही, तो.

मॅनेजरच्या सल्ल्याचंही बघू. 2 लाख 60 हजारांच्या कर्जाचं एका वर्षाचं व्याज 36 हजार. सहा लाखांची पावती मुदतीवर आपोआप सुटते. उरलेल्या 18 लाखांवरची दोन टक्क्यांची कपातही 36 हजारच. तेवढ्याच पैशात एकीकडे कर्ज डोक्यावर बसतं, दुसरीकडे अठरा लाख घरी येतात. ठेवीदाराने स्वतःचा पैसा मागितला की त्याला कर्ज सुचवणारी संस्था दिसली, की मला तर धडकीच भरते.

तेव्हा या सोमवारी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. 'मार्चनंतर बघू' ऐकू नका. रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेतल्या खात्यावरच मागा. हातात आले की 20 लाख पोस्टात. दर तिमाहीला 41 हजार येतील. बाकीचे बँकेच्या साध्या मुदत ठेवीत ठेवा. घर चालवायला पेन्शन आहेच.

आता रिळं. तुमची 26 रिळं म्हणजे 1300 फूट. सुपर एटचं 50 फुटी रीळ नेहमीच्या वेगाने सव्वातीन मिनिटांत संपतं, म्हणजे सगळं मिळून जेमतेम दीड तास. दर पडतो फुटाला 200 रुपये, मिनिटाला तीन हजार. यातलं 'केमिकल रिस्टोरेशन' आधी खोडा. आंबूस वास येतो तो फिल्मचा अॅसिटेटचा (एक प्रकारच्या प्लास्टिकचा) पाया कुजत असल्याचा. त्यातून व्हिनेगरचं आम्ल सुटतं आणि तेच आम्ल कुजणं वाढवतं. ते थंड, कोरड्या जागी मंदावतं, पण मागे फिरत नाही. फिल्म पुन्हा नवी करून देतो म्हणणारा आणि साडेबारा टक्के हमखास देतो म्हणणारा, दोघांना मी एकाच बाकावर बसवतो.

फोर-केही नको. फ्रेम, म्हणजे फिल्मवरचं एकेक चित्र, असते जेमतेम तुरीच्या दाण्याएवढी; त्याहून कमी बारकाव्याचं टू-के पुरतं. तपासणी, कोरडी सफाई, निघालेले जोड दुरुस्त करणं आणि फ्रेम-दर-फ्रेम स्कॅन, एवढंच मागा आणि दर फुटावर ठरवा. 60 रुपये फूट ही तुमची वरची मर्यादा, म्हणजे 78 हजार. तुम्ही चौघं भावंडं आहात ना? वडील चौघांचे होते. वीस-वीस हजार काढा. रंग सुधारणं, ओरखडे पुसणं नंतर कधीही होतं, कारण ते स्कॅनवर होतं.

आंबूस सहा रिळं आजच बाकीच्यांपासून वेगळी करा. त्यांची वाफ शेजारच्यांनाही लागते. पत्र्याखालच्या माळ्यावरून सगळीच खाली आणा, पण हवाबंद डब्यात कोंबू नका. एक रीळ ओल्या फडक्याने पुसलं, असं लिहिलंय. पुन्हा पुसू नका. चित्र जिलेटिनच्या थरात असतं, पाण्याने तो फुगून सुटतो. जुन्या प्रोजेक्टरवरही चढवू नका. आकसलेल्या फिल्मची भोकं दात्यांवर फाटतात.

चॅनल विकत घेईल, हे डोक्यातून काढा. जायकवाडीची पायाभरणी 1965 ची, लोकार्पण 1976 चं. त्या दरम्यानचं काम रिळांवर खरंच असेल, तर पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला एक पत्र टाका. पैसे नाही मिळणार. रिळांच्या डब्यांवर वडिलांनी काही लिहिलं असेल, तर पुसायच्या आधी त्याचे फोटो घ्या.

अर्जाची पोच मिळाली की मला कळवा. रिळं पाठवायचं त्यानंतर बघू.