‘मेडिकल लावून देतो ना, मॅडम’

ऑक्टोबर उजाडला की ग्रामीण कॉलेजच्या समुपदेशन कक्षात एक प्रश्न हमखास येतो. हजेरी ७५ टक्के भरत नाही, परीक्षेचा अर्ज अडेल म्हणतात, मेडिकल, म्हणजे डॉक्टरचं आजारपणाचं प्रमाणपत्र, लावलं तर चालेल का? विचारणारे कधी विद्यार्थी असतात, बरेचदा पालक. पुढचं प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, आकड्यांचा हिशेब मात्र तसाच ठेवला आहे.

मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. गाव तालुक्यापासून १४ किलोमीटरवर, सकाळी कॉलेजच्या वेळेला एकच एस.टी. घरी पाच एकर कोरडवाहू, त्यात कापूस आणि सोयाबीन. सूचनाफलकावर कमी हजेरीवाल्यांची तात्पुरती यादी लागली, त्यात तिचं नाव. दुसऱ्या दिवशी वडील तिला घेऊन आले. खिशातून घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला.

“मॅडम, पोरीले पेपरले बसू देनार नाही म्हंते. मेडिकल आनलं हाये. तारखा कोन्त्या टाकाच्या तेवढं सांगा.”

कागदावर डॉक्टरचा शिक्का होता, सही होती, आजाराच्या जागी ‘ताप’ लिहिलेलं होतं आणि तारखांची जागा कोरी होती. असे कागद दरवर्षी येतात. त्यावर लगेच रागावून उपयोग नसतो. बापाला कॉलेजचा नियम ठाऊक नसतो आणि गावात ज्यानं त्यानं हाच उपाय सांगितलेला असतो. कागद बाजूला ठेवून आधी मुलीला विचारलं, “तुझी हजेरी नेमकी किती आहे?” ती म्हणाली, “साठ-पासष्ट टक्के असेल.”

इथेच बहुतेकांचं चुकतं. या कॉलेजात हजेरी सरसकट मोजत नाहीत, विषयवार मोजतात, आणि लेखी विषयाची वेगळी, प्रात्यक्षिकाची वेगळी. चार विषयांत ८० टक्के असली तरी पाचव्यातली ५५ झाकली जात नाही. म्हणून पहिलं काम म्हणजे प्रत्येक विभागात जाऊन दोन आकडे लिहून आणणं: आजवर झालेले तास आणि त्यातली आपली हजेरी. टक्केवारी आणू नये, आकडेच आणावेत.

तिसरा आकडा असतो पूर्ण सत्राच्या तासांचा, तो श्रेयांकांवरून (क्रेडिटवरून) निघतो. लेखी विषयाचा एक श्रेयांक म्हणजे १५ तास. चार श्रेयांकांच्या विषयाला ६० तास होतात, हजेरी लागते ४५, म्हणजे १५ तास बुडाले तरी चालतात. दोन श्रेयांकांच्या विषयाला ३० तास, त्यात २२.५ म्हणजे २३ लागतात. बुडवायला उरतात फक्त ७. प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक ३० तासांचा, दोन-दोन तासांच्या १५ पाळ्या. त्यातल्या १२ हव्यात. चौथी पाळी बुडली की विषय गेला. मुलं मोठ्या विषयाची काळजी करत बसतात आणि अडकतात ती छोट्या विषयात.

मुलीने आणलेले आकडे असे होते. रसायनशास्त्र: ४४ पैकी २४. भौतिकशास्त्र: ४४ पैकी ३१. दोन श्रेयांकांचा खुला वैकल्पिक विषय: २२ पैकी १३. रसायनाचं प्रात्यक्षिक: ११ पैकी ७. सत्राचे चार आठवडे शिल्लक, म्हणजे मोठ्या विषयांचे १६-१६ तास, वैकल्पिकचे ८, प्रात्यक्षिकाच्या ४ पाळ्या.

आता एकही तास न बुडवता ती बसली, तर? भौतिकशास्त्र ६० पैकी ४७, सुटलं. वैकल्पिक विषय ३० पैकी २१, दोन कमी. प्रात्यक्षिक १५ पैकी ११, एक कमी. रसायन ६० पैकी ४०, पाच कमी. म्हणजे नुसत्या ‘आता नियमित येते’ या वचनावर भागणार नव्हतं, पण आभाळही फाटलेलं नव्हतं. एक साधा नियम लक्षात ठेवायला हरकत नाही: बुडालेल्या प्रत्येक तासामागे तीन तास हजर राहावं लागतं, तेव्हा ७५ टक्के जुळतात. जुलैत बुडालेला तास भरून काढायला तीन महिने असतात, ऑक्टोबरात बुडालेल्याला जागाच नसते.

मग बुडालेले तास कारणांप्रमाणे वेगळे केले. रसायनाचे बुडालेले २० तास: ६ डेंग्यूच्या आजारपणात, ५ सकाळच्या एस.टी.मुळे, ७ सोयाबीनच्या सोंगणीत आणि कापसाच्या पहिल्या वेचणीत, २ महालक्ष्मीच्या सणात. हे मुलीच्या आठवणीवर सोडलं नाही. हजेरीपटावरच्या तारखा आणि दवाखान्याचे कागद समोरासमोर ठेवून तपासलं.

रसायनच इतकं का घसरलं, हेही वेळापत्रकावरून कळलं. रसायनाचा तास आठवड्यातून तीनदा पहिला होता. एस.टी. वीस मिनिटं उशिरा आली की पहिला तास गेलाच. भौतिकशास्त्राचे तास दहानंतर, म्हणून तिथली हजेरी बरी. एकाच विषयात हजेरी पडलेली दिसली की मुलगा त्या मास्तरला टाळतो, असा निष्कर्ष काढायची घाई होते. आधी वेळापत्रक पाहावं.

डेंग्यू खरा होता. ग्रामीण रुग्णालयात पाच दिवस भरती, डिस्चार्ज कार्ड, रक्ताचा रिपोर्ट, पुढच्या विश्रांतीची चिठ्ठी, सगळं घरी पिशवीत पडलेलं. कॉलेजात मात्र एकही कागद दिलेला नव्हता, कारण ‘सरांना सांगितलं होतं’. तोंडी सांगणं हजेरीपटावर उमटत नाही. बरे होऊन परत आल्यावर त्याच आठवड्यात अर्ज द्यायचा असतो. उशीर झाला तरी द्यावा, फक्त उशिराचं कारण त्यातच लिहावं.

अर्ज प्राचार्यांच्या नावे, विभागप्रमुखांमार्फत. त्यात कुठून कुठवर आजारी होतो, त्या काळात कोणत्या विषयाचे किती तास बुडाले हे विषयवार, सोबत जोडलेल्या कागदांची यादी, विद्यार्थ्याची आणि पालकाची सही. डिस्चार्ज कार्डची छायाप्रत जोडावी, मूळ कागद दाखवून परत घ्यावा. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात आणि आपल्या प्रतीवर कार्यालयाचा आवक क्रमांक व तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. पुढे ‘तुमचा अर्ज आलाच नाही’ असं झालं तर तोच शिक्का कामी येतो.

आता वडिलांचा तो कोरा कागद. त्यांचं म्हणणं होतं की सोंगणीचे बारा दिवस त्यात बसवून द्यावेत. हजेरीपट त्यांच्यापुढे धरला. त्या बारा दिवसांत मुलगी भौतिकशास्त्राच्या तीन तासांना आणि एका प्रात्यक्षिकाला हजर होती, प्रात्यक्षिकाच्या नोंदीवर तिची स्वतःची सही होती. अर्धा दिवस वावरात आणि अर्धा दिवस कॉलेजात, असं बरेचदा व्हायचं. खोटी मेडिकल बहुतेक वेळा अशीच उघडी पडते. कुणी चुगली करायची गरज नसते, तारखाच एकमेकींशी भांडतात. आणि एक कागद खोटा निघाला की हजेरी तपासणारी समिती दुसऱ्याकडेही संशयानेच पाहते. डेंग्यूचे खरे सहा तासही त्यात बुडाले असते. शिवाय खोटं प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरची नोंदणी धोक्यात येते ती वेगळीच.

वडील थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “वेचाले मजूर भेटत नाही मॅडम. पावसात भिजला का कापसाचा भाव गेला. मंग तिलेच ठेवा लागते.”

हे कारण खोटं नाही. वेचणीची मजुरी किलोमागे द्यावी लागते, सगळ्यांचा कापूस एकदमच फुटतो आणि घरातली मुलगी म्हणजे बिनपैशाचं माणूस. पण नियमांत शेतीकामाची रजा नाही. म्हणून हे दिवस माफीत बसवायचा खटाटोप न करता पुढचे दिवस कसे वाचतील यावर बोलणं झालं. दिवाळीची सुट्टी मध्ये येत होती. दुसरी वेचणी शक्य तितकी सुट्टीत ओढायची. रविवार पूर्ण वावरात. कॉलेज एकला सुटतं, म्हणून इतर दिवशी तीन ते अंधार पडेपर्यंत. आणि शेजारच्या दोन घरांशी सावड करायची, आज त्यांच्या वावरात, उद्या यांच्या. वडिलांनी कबूल केलं, पण एका अटीवर: सोमवारी बाजाराला तिनेच जायचं. सोमवारी वैकल्पिक विषयाचा तास होता. तिथे मात्र नाही म्हणावं लागलं. तो तास का सोडता येत नाही ते आकड्यांनिशी दाखवल्यावर बाजाराला आईने जायचं ठरलं.

खरी मेख पुढे होती. आजारपणाची सूट द्यायच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं विशेष शिबिर किंवा आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा असेल तर ते कॉलेजचं काम, त्या तासांना बहुतेक ठिकाणी हजर धरतात. त्यासाठी कार्यक्रम अधिकाऱ्यांनी किंवा शारीरिक शिक्षण संचालकांनी नावांची यादी विभागात पोचवलेली लागते. आजारपणात मात्र कुठे ते तास हजर धरतात, कुठे एकूण तासांतून वजा करतात, तर कुठे कमी पडलेली टक्केवारी ठराविक मर्यादेपर्यंत माफ करतात. आपल्या विद्यापीठाचा अध्यादेश आणि कॉलेजची माहितीपुस्तिका यांतला हाच परिच्छेद शोधून वाचावा.

फरक किती पडतो पाहा. रसायनाचे ६ तास हजर धरले असते तर ६० पैकी ४६, निर्धास्त. पण या कॉलेजात वजा करायची पद्धत होती. ६० वजा ६ म्हणजे ५४. त्याचे ७५ टक्के ४०.५, म्हणजे ४१ हवेत. आणि तिची जास्तीत जास्त हजेरी होणार होती ४०. एका तासाने गाडी अडली.

तो तास एस.टी.ने दिला. उशिरा आली तरी ती वर्गात मागे जाऊन बसत असे, बाहेर थांबत नसे. प्राध्यापकांनी दोन तारखांना तिच्या नावापुढे पेन्सिलीने ‘उ’ लिहून ठेवलं होतं, पण नंतर पटावर गैरहजेरीच चढली. विभागप्रमुखांकडे त्याच दोन तारखांसाठी लेखी विनंती केली, एस.टी.च्या पासची छायाप्रत जोडली, प्राध्यापकांनी दुजोरा दिला. २४ चे २६ झाले आणि ४१ ची रेघ ४२ ने पार होणार हे दिसलं. बाकीच्या तीन तारखांना ती तास संपल्यावरच पोचली होती, त्या मागितल्याच नाहीत. उशीर झाला तर त्याच दिवशी तास संपता संपता सरांकडून नोंद करून घ्यावी; महिन्याभरानंतर चांगल्या मनाच्या सरांनाही आठवत नाही.

वैकल्पिक विषयात ३ तास वजा होऊन २७ उरले, २१ हवेत, तिचे होणार नेमके २१. प्रात्यक्षिकात एक पाळी वजा होऊन १४, हव्यात ११, होणार ११. दोन्हीकडे एकाही तासाची सवड नाही. प्रात्यक्षिकाचं आणखी एक दुखणं असतं. हजेरी जुळली तरी बुडालेले प्रयोग वहीत कोरे राहतात आणि वही प्रमाणित झाल्याशिवाय प्रात्यक्षिक परीक्षेत अडचण येते. दुसऱ्या तुकडीच्या पाळीत उरलेले प्रयोग करायची परवानगी विभागप्रमुख देऊ शकतात, सत्राच्या शेवटच्या आठवड्याआधी मागितली तर. तिने चारही प्रयोग गुरुवारच्या तुकडीसोबत पूर्ण केले.

वडिलांना शिष्यवृत्तीचंही सांगावं लागलं. महाडीबीटीवरच्या, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरच्या, काही योजनांत ७५ टक्के हजेरीची अट आहे. प्राचार्यांनी माफी देऊन परीक्षेला बसवलं म्हणजे शिष्यवृत्तीचीही अट सुटली, असं गृहीत धरू नये. अर्ज भरण्याआधी कॉलेजच्या शिष्यवृत्ती लिपिकाला विचारावं.

ज्यांचं आजारपण एकदाचं नसून वारंवार येणारं आहे, त्यांनी हा दर वेळी अर्ज करायचा मार्ग धरू नये. विदर्भात सिकलसेलची, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार असलेली, मुलं बऱ्याच कॉलेजांत भेटतात. सिकलसेल आजार २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाच्या प्रकारांत धरलेला आहे. प्रमाणपत्र काढून सत्राच्या सुरुवातीलाच प्राचार्यांना दिलं, तर वेदना उठल्यावर चार दिवस गैरहजर राहणाऱ्या मुलाला दर वेळी गयावया करावी लागत नाही. बाळंतपणासाठीही विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२१च्या पत्रात पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थिनींना हजेरीत सवलतीचे नियम करायला विद्यापीठांना सांगितलं आहे. लग्न झालेल्या कितीतरी मुली हे न विचारताच कॉलेज सोडतात.

नोव्हेंबरात कमी हजेरीवाल्यांची अंतिम यादी लागली. तिचं नाव त्यात नव्हतं. वैकल्पिक विषयात २७ पैकी २१, बरोब्बर.

उन्हाळी सत्राची तयारी मात्र लगेच सुरू करावी लागली, कारण फेब्रुवारीत हरभऱ्याची सोंगणी येते आणि फरदडीची, म्हणजे हंगाम संपल्यावरही ठेवलेल्या कापसाची, वेचणीही रेंगाळते. एस.टी.साठी त्या गावच्या अकरा पासधारक विद्यार्थ्यांची नावं, पास क्रमांक आणि पहिल्या तासाची वेळ घालून आगार व्यवस्थापकांच्या नावे प्राचार्यांचं पत्र गेलं, सोबत ग्रामपंचायतीचा ठराव. बस वीस मिनिटं आधी सोडावी, एवढीच मागणी. आगाराकडून उत्तर यायचं आहे. तोवर वेळापत्रक समितीने आठवड्यातून तीनदा पहिला येणारा रसायनाचा तास दोनदाच पहिला ठेवला आहे.