वाचकांचे प्रश्न : दोरी ओढणारा लॅब आणि मांजर दिसलं की सुटणारा कारवानी

प्रश्न : नमस्कार दादा, आमचा लॅब, म्हणजे लॅब्रॅडोर कुत्रा, दीड वर्षाचा आहे, वजन तीस किलोच्या वर. घरात एकदम शहाणा, पण गेटबाहेर पाऊल पडलं की असा ओढतो की विचारू नका. सकाळी मामा म्हणजे माझे सासरे नेतात, वय ६८, मागच्या आठवड्यात त्यांच्या खांद्याला हिसका बसला तरी म्हणतात मीच नेणार. संध्याकाळी मुलगा नेतो, तो तर त्याच्याबरोबर पळतच सुटतो. शेजारी म्हणाले काट्यांचा पट्टा घाला, दोन दिवसांत सरळ होतो. घालू का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, काट्यांचा पट्टा नको आणि चोक चेन, म्हणजे ओढलं की गळा आवळणारी साखळीपण नको. कुत्रा थांबतो ते दुखतं म्हणून, दोरी सैल ठेवून कसं चालायचं हे त्याला कुणी शिकवलेलंच नसतं, त्यामुळं साधा पट्टा घातला की परत पहिले पाढे पंचावन्न. गळ्यावर ताण आला की श्वासनलिकेला त्रास, डोळ्यातलं प्रेशर वाढतं ते वेगळंच. आणि समोरून दुसरा कुत्रा येताना दरवेळी गळ्याला टोचलं तर तुमचा साधाभोळा लॅब त्या कुत्र्यावरच राग काढायला लागेल, आणि अंगावर जायची सवय मोडणं ओढायची सवय मोडण्यापेक्षा कितीतरी अवघड.

तो ओढतो कारण ओढल्यावर पुढं जायला मिळतं, बस. कुत्रा डोक्यावर बसलाय, त्याला मालक व्हायचंय वगैरे लोक सांगतात, तसलं काही नसतं ओ. कुत्र्याची चाल मुळातच आपल्यापेक्षा फास्ट, त्याला पलीकडच्या लिंबाच्या झाडापर्यंत जायचंय, दोरी ताणली, मामा मागोमाग आले, काम झालं. ही शिकवणी त्याला रोज दोन टाइम मिळतेय. म्हणून नियम एकच, दोरी ताणलेली असताना झाड, खांब, मित्र कुत्रा, काहीच मिळणार नाही.

सुरुवात रस्त्यावर करू नका. आधी घरात, मग गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये, दहा मिनिटं पुरे. पाच-सहा फुटांची साधी दोरी घ्या, ती बटण दाबलं की लांबणारी नको, तिच्यात कायम थोडा ताण असतो म्हणजे आपण जे मोडायचं म्हणतोय तेच ती शिकवते. तो तुमच्या पायाजवळ आला की लगेच शाब्बास म्हणून खाऊ द्या, आणि खाऊ गुडघ्याजवळ द्या, तोंडापुढं धरला तर तो पुढंच पळणार. हरभऱ्याएवढा तुकडा बास, बिनमिठाचं उकडलेलं चिकन नाहीतर पनीर. घरात भाकरीचा तुकडा चालतो पण रस्त्यावर ज्वारीच्या भाकरीला कोण विचारतंय! शेंगाचटणीचं बोट मात्र चाटवू नका, आपल्या चटणीत लसूण असतो आणि लसूण-कांदा कुत्र्याला बाधतो. बेदाणे तर अजिबात नाही, पंढरपूर-सांगोल्याचा बेदाणा आपल्याकडं घरोघरी असतो आणि आजी-आजोबा प्रेमानं दोन दाणे टाकतात, पण त्यानं कुत्र्याची किडनी जाऊ शकते.

मग गल्लीत. दोरी ताणली की जागेवर उभं राहायचं, हात पोटाशी धरायचा, हिसका द्यायचा नाही, ओरडायचं नाही, नावाचा जप करायचा नाही. तो वळून बघेल किंवा एक पाऊल मागं येईल, दोरी सैल पडेल, त्याच सेकंदाला शाब्बास आणि चला पुढं. दोन पावलांवर परत ताणेल, परत थांबा. पहिले काही दिवस तुम्ही गल्लीचं टोकसुद्धा गाठणार नाही आणि समोरच्या काकू गॅलरीतून बघत बसतील, बघू द्या. नुसतं थांबून कंटाळा आला तर दोरी ताणायच्या आधीच हाक मारून उलट्या दिशेला वळा, मागून आला की खाऊ. नीट चालला की बक्षीस म्हणून त्या झाडापाशी न्या आणि हुंगू द्या मनसोक्त, कुत्र्याला हुंगणं चिकनपेक्षा कमी नाही, ती घाई आपण उगाच करतो.

मधे एक दिवस असा येईल की तो आधीपेक्षा जोरात ओढेल. इतके दिवस चालत होतं ते आता का चालत नाही म्हणून जोर लावून बघतो तो. त्या दिवशी 'जाऊ दे आज' म्हणून त्याच्या मागोमाग गेलात तर तो शिकला की अजून जोरात ओढलं की जमतं, म्हणून त्या दिवशी तर अजिबात नाही.

आणि खरी गोम तुमच्या मुलाची आहे. सकाळी मामा थांबणार आणि संध्याकाळी पोरगं पळवणार, तर कुत्र्यानं काय समजायचं? पळणं बंद करा असं मी म्हणत नाही, दीड वर्षाच्या लॅबला पळायला लागतंच. फक्त सामान वेगळं ठेवा. पळायला जाताना पाठीवर हूक असलेला हार्नेस, म्हणजे गळ्याऐवजी छातीभोवती बसणारा पट्टा, त्यात ओढलं तरी चालेल, बर्फावर गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांना हार्नेस घालतात तो त्याचसाठी, ओढायला सोपा. चालायला जाताना छातीवर हूक असलेला हार्नेस, त्यात ओढलं की अंग बाजूला वळतं, जोर लागत नाही. कुठलं सामान घातलं की कुठला नियम, हे कुत्री बरोबर ओळखतात, पण घरातल्या सगळ्यांनी पाळलं तरच, नाहीतर सामान नुसतं खुंटीवर.

मामांना सांगा, काही आठवडे दोरी मुलाकडं, मामांनी सोबत चालायचं आणि खाऊ द्यायचं काम करायचं, म्हणजे कुत्रा त्यांच्याही पायाजवळ चालायला शिकतो आणि मान पण राहतो. नंतर दोरी हातात घेतली तरी मनगटाला गुंडाळायची नाही, लॅबनं एकदम झेप घेतली तर हात सोडवता येत नाही. कंबर तलावाकडची सकाळची गर्दी पण सध्या नको, आधी गल्ली जमू दे.

प्रश्न : आमचा कारवानी कुत्रा दोरीत छान चालतो, पण मांजर नाहीतर शेळी दिसली की गेलाच. दोनदा पट्ट्यातून मान काढून पळाला. काय करावं?
– एक वाचक, मोहोळ

उत्तर : कारवानी डोळ्यानं शिकार हेरणारा, सशामागं पळायला पिढ्यान् पिढ्या तयार केलेला कुत्रा आहे, त्याला मांजर दिसल्यावर तुमची हाक ऐकू येईल ही अपेक्षाच चुकीची. त्याचं डोकं मानेपेक्षा फार मोठं नसतं, म्हणून साधा पट्टा घसरतो. ओढल्यावर मर्यादेत आवळणारा रुंद कापडी पट्टा मिळतो तो घ्या. शिकवायचं ते मांजर दिसण्याच्या आधी, त्याचे कान उभे राहिले आणि अंग ताठ झालं की लगेच वळा आणि चिकन द्या, एकदा सुटल्यावर काही उपयोग नाही. आणि मोकळ्या रानात दोरी सोडायची नाही, कितीही शहाणा वाटला तरी.

प्रश्न : नोकरीमुळं सकाळी नऊच्या आधी फिरवायला जमत नाही. उन्हाळ्यात चालेल का?
– एक वाचक, होटगी रोड

उत्तर : नाही चालणार. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं पारा चाळिशी पार करतो आणि नऊलाच डांबर तापायला लागतं. उलटा तळहात रस्त्यावर सात सेकंद ठेवून बघा, तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंजालाही नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच गार व्हायचं. त्यापेक्षा सकाळी दहा मिनिटं शी-शूपुरतं सावलीत न्या, कूलरसमोर खाऊ लपवून शोधायला लावा, आणि मोठा फेरा रात्री जेवणानंतर घरातले निघतात तेव्हा. जास्त धापा, घट्ट लाळ, झोकांड्या दिसल्या तर सावलीत आणून अंगावर साधं पाणी ओता, पंखा लावा आणि सरळ डॉक्टरकडं. रात्रीच्या फेऱ्याआधीही रस्त्याला हात लावून बघा, आपलं डांबर उशिरापर्यंत तापलेलं असतं.