डिस्कसच्या टँकमध्ये तळाला कोण राहणार? तुमचे प्रश्न आणि उत्तरं

डिस्कस (गोल, चपटा, गरम पाण्यात राहणारा शोभेचा मासा) सोबत तळाला राहणारे कॅटफिश ठेवण्याबद्दल बरेच प्रश्न आलेत, त्यातले काही एकत्र घेतो. जवळपास प्रत्येकाने आधी "कोण जास्त सफाई करेल" हेच विचारलंय. माझं म्हणणं असं की आधी बघा त्या माशाला डिस्कसचं गरम पाणी झेपतं का, मग बघा त्याचं तोंड कसं आहे आणि रात्री तो काय करतो. सफाई आपली आपण करायची.

प्रश्न (ठाणे) : ४ फुटी टँकमध्ये ६ डिस्कस आहेत, तळाला खूप घाण साचते. दुकानदार म्हणतो दोन सकर (तोंडाने चिकटून खरवडणारे कॅटफिश) टाका, सगळं खाऊन टाकतील. टाकू का?

नका टाकू दादा, अगदी कळकळीने सांगतोय. दुकानात बोटाएवढा दिसणारा तो कॉमन सकर एक फुटाच्या वर जातो, आणि विष्ठा कोणताच कॅटफिश खात नाही, उलट सकर स्वतः इतकी लांब लांब विष्ठा टाकतो की तुमचा सायफन (तळाची घाण ओढणारी नळी) दुप्पट चालवावा लागेल. पण खरा धोका वेगळाच आहे. डिस्कसच्या अंगावर जाड चिकट थर असतो, त्याची पिल्लं सुरुवातीचे दिवस आईबापाच्या अंगावरचा हाच थर खाऊन जगतात म्हणजे तो किती पौष्टिक असेल बघा, आणि सकरला ते बरोबर कळतं. रात्री लाइट बंद झाली की डिस्कस एका जागी स्थिर उभा राहतो, ताटासारखं सपाट अंग, सकर येऊन चिकटतो आणि खरवडायला लागतो. सकाळी अंगावर गोल फिकट डाग दिसले तर समजायचं काय झालंय ते. एकदा थर गेला की तिथून बॅक्टेरिया, फंगस सगळं आत शिरतं. सगळे सकर हे करतात असं नाही, पण एकदा चटक लागलेला सकर परत सोडत नाही. गोल्डन अल्गी इटर म्हणून जो पिवळा मासा विकतात तो कॅटफिश नाही पण त्यालाही हीच खोड, त्यालाही लांब ठेवा.

आणि आधीच आणला असेल तर प्लीज नाल्यात, तळ्यात, नदीत सोडू नका. केरळ, बंगाल, आंध्र इथे हा घरच्या टँकमधला सकर नैसर्गिक पाण्यात पसरलाय, आपल्या उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यातही तो येतो, काटेरी अंगाने जाळी फाडतो आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. दुकानात परत द्या किंवा मोठा टँक असलेल्या कोणाला तरी द्या.

प्रश्न (पुणे) : मला कोरी (छोट्या, मिशावाल्या कॅटफिश) खूप आवडतात. पांडा कोरी छान मिळतायत, डिस्कससोबत चालतील ना?

कोरी चालतील, पांडा नको ताई. पांडा कोरी पेरूमध्ये अँडीजच्या बाजूने उतरणाऱ्या थंड ओढ्यांमधली, तिला २२ ते २५ डिग्री बरं वाटतं. पेपर्ड कोरी तर आणखी दक्षिणेची, अर्जेंटिना-उरुग्वेकडची, तिला त्याहूनही गार पाणी लागतं. तुमचा डिस्कस टँक २८-२९ वर असणार. या कोरी तिथे लगेच मरत नाहीत म्हणूनच लोकांची फसगत होते, महिनोन्महिने कशाबशा काढतात, मग एकेक कमी होत जाते आणि आपण पाण्याला दोष देत बसतो. ब्राँझ कोरीसुद्धा २६ च्या पुढे कायमची ठेवू नये असं माझं मत.

तुम्ही स्टर्बाय घ्या. ब्राझील-बोलिव्हियाच्या सीमेवरच्या ग्वापोरे नदीची ही कोरी, काळपट डोक्यावर पांढरे ठिपके आणि पुढचे पर नारिंगी, ओळखायला सोपी. २८-२९ ला आरामात राहते. महाग पडते खरी, पण घेताना सहा तरी घ्या, दोन-तीन आणल्या तर कोपऱ्यात दबून बसतात. फक्त एक अट, डिस्कस मोठे झालेले हवेत. छोटी डिस्कस ३० च्या वर ठेवून दिवसात चार-पाच वेळा खायला घालून वाढवत असाल तर त्या टँकमध्ये तूर्त कोणीच नको.

प्रश्न (नाशिक) : स्टर्बाय सारख्या झपकन वर येतात, हवा घेतात आणि खाली पळतात. आजारी आहेत का?

अधूनमधून करत असतील तर अजिबात काळजी नको. कोरी हवा गिळून आतड्यातून ऑक्सिजन घेऊ शकते, ती तिची उपजत सोय आहे. सगळ्याच मिनिटामिनिटाला वर येत असतील तर मात्र पाण्यात ऑक्सिजन कमी आहे. २४ डिग्रीला पाण्यात जास्तीत जास्त ८.४ मिलिग्रॅम प्रति लिटर ऑक्सिजन मावतो, ३० ला तोच ७.५ च्या आसपास येतो, आणि गरम पाण्यात माशांना लागतो मात्र जास्त. एअरस्टोन रात्रभर चालू ठेवा, फिल्टरच्या आउटलेटने वरचं पाणी हलतंय ना बघा. अमोनिया-नायट्राइटही चेक करा, ते वाढलं तरी कोरी अशाच वर पळतात.

प्रश्न (डोंबिवली) : माझा टँक बेअर बॉटम आहे, म्हणजे तळाला रेती-खडी काही नाही, वॉटर चेंजला सोपं जातं. पण कोरीला रेती लागते म्हणतात, मग?

दोन्ही जमतं. कोरी रेतीत तोंड खुपसून कल्ल्यातून रेती बाहेर सोडत खाणं शोधते, हे बघण्यासाठीच तर कोरी पाळायची! एक पसरट काचेचा ट्रे घ्या, त्यात दोन-तीन सेंटिमीटर बारीक गोल दाण्याची रेती धुऊन टाका आणि टँकच्या पुढच्या बाजूला ठेवा. खाणं तिथेच टाका. वॉटर चेंजला ट्रे उचलून रेती धुवायची, बाकी काच पुसायची, झालं. धारदार खडी नको, तोंड आणि मिशा सोलवटतात. मिशा झिजलेल्या दिसल्या तर लोक फक्त खडीला नावं ठेवतात, पण तळ घाण राहिला की मिशा सडतात, ते जास्त वेळा होतं.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : ब्रिसलनोज (सकरच्याच जातकुळीतला छोटा कॅटफिश) ठेवला तर? आणि डिस्कसच सगळं खाऊन टाकतात, खालच्यांना खाणं कसं पोचवायचं?

ब्रिसलनोज १२-१३ सेंटिमीटरवर थांबतो, म्हणून सकरपेक्षा कितीतरी बरा. एकच ठेवा, ड्रिफ्टवुड द्या आणि त्याला उपाशी ठेवू नका, कारण भुकेला ब्रिसलनोजही डिस्कसकडे वळू शकतो. टँक २८ च्या वर नेऊ नका, ती त्याची वरची हद्द धरा. रात्री उकडलेली काकडी किंवा दुधीची चकती, सकाळी उरलेली काढून टाकायची.

डिस्कस हळू खातात पण तळाचंही फुंकर मारून खातात, त्यामुळे कोरीचं खाणं लाइट बंद झाल्यावर अर्ध्या तासाने टाका, बुडणारे पेलेट, मधूनमधून फ्रोझन ब्लडवर्म. नाल्यातले जिवंत ट्युबिफेक्स (बारीक लाल किडे) नकोच. कोरीचं पोट खालून सपाट किंवा किंचित गोल दिसलं पाहिजे, आत गेलेलं असेल तर ती उपाशी आहे. आणि तुमच्याकडे बोअरचं पाणी असेल तर आधी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजा. मुंबईचं नळाचं पाणी मऊ असतं, तिथला सल्ला ऐकून कडक पाण्यात सगळं तसंच करू नका, आरओचं पाणी मिसळावं लागेल.

प्रश्न (कोल्हापूर) : नवीन कोरी आणल्यावर डिस्कस काळे पडले, खात नाहीत. मीठ टाकून टेंपरेचर ३२ वर नेऊ का?

त्याच टँकमध्ये नको. कोरीला मिठाचा जड डोस आणि ३२ डिग्री दोन्ही झेपत नाही, कॉपरचं औषध तर तिच्यासाठी विषच. आजारी डिस्कस वेगळ्या रिकाम्या टँकमध्ये घ्या, ट्रीटमेंट तिथेच. पुढच्या वेळी नवीन कोरी कमीत कमी ४ आठवडे क्वारंटाइनला ठेवा, कारण कल्ल्यांचे जंत, पोटातले जंत बाहेरून नवीन माशासोबतच येतात. आणि कोरी जाळीने पकडू नका, परांचे काटे अडकतात, प्लास्टिकच्या डब्यात हाकलून घ्या.

प्रश्न (सांगली) : नदीतला शिंगाळ्याचा छोटा मासा मिळालाय, टाकू का?

नको. शिकारी मासा आहे, मोठा झाला की मीटरभर होतो.

प्रश्न (दुबई) : झेब्रा प्लेको (काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा छोटा कॅटफिश) डिस्कससोबत शोभून दिसेल?

दिसेल छान, टेंपरेचरही जुळतं. पण हा ब्राझीलच्या शिंगू नदीतल्या जोरदार प्रवाहातला मासा, त्याला पाण्याचा जोर लागतो आणि डिस्कसला तो त्रासदायक होतो. शिवाय लाजाळू, खाण्यावर डिस्कसशी स्पर्धा करूच शकत नाही. नदीतून पकडलेला तर अजिबात घेऊ नका, त्याच नदीवरच्या बेलो मोंते धरणाने त्याचं घर आधीच आक्रसलंय आणि २०२२ साली तो साइटीसच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट २ मध्ये गेलाय. टँकमध्ये पैदास झालेला, कागदपत्रांसकट मिळाला तर घ्या, आणि त्याला स्वतंत्र टँक द्या. २ फुटी पुरतो, गुहेसारखे तीन-चार पाइप आणि एक चांगला पॉवरहेड (पाण्याला प्रवाह देणारा पंप).