कासवाच्या चित्राबद्दल

अनेक आशीर्वाद.

चित्र पोचलं. पाणी सुरेख जमलंय, ओल्या वाळूत पडलेलं आभाळ तर मलाही असं साधलं नसतं. पण पाठीवर ॐ आणि मागे ते तेजोवलय कशाला गं? आणि मान आत ओढलेली का? ते देवळाच्या सभामंडपातलं कासव झालं, इंद्रियं आवरणाऱ्याला गीतेनं ज्याची उपमा दिली ते. समुद्री कासवाला मान आणि वल्ह्यांसारखे पाय कवचात घेताच येत नाहीत.

मीही हेच करत आले, म्हणून बोलते. घरात रोजची पूजा, आजीच्या तोंडी कूर्मदृष्टीची गोष्ट: कासवी पैलतीरावरून नुसती बघते आणि ऐलतीरावरची पिल्लं पोसली जातात. ती गोष्ट मी वर्षानुवर्षं रंगवली, विकलीही. मग कोकणात, वेळासच्या किनाऱ्यावर गेले. तिथे येणाऱ्या ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवाची मादी रात्री वाळूत खड्डा करते, शंभरेक अंडी घालते, वर वाळू थापटते आणि समुद्रात परत. पन्नासेक दिवसांनी पिल्लं निघतात तेव्हा ती कुठल्या कुठे असते. मला रागच आला, देवाचा की आजीचा कोण जाणे.

तरी पहाटे कासवमित्रांबरोबर किनारा चालायला लागले. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ साली इथे काम सुरू केलं तेव्हा अंडी सर्रास चोरीला जात. आता गावातलीच माणसं मादीचे आलटूनपालटून उमटलेले ठसे धरून घरटं शोधतात, अंडी कुंपणात आणतात, तेवढ्याच खोलीचा, मडक्याच्या पोटासारखा खड्डा करून पुरतात. पुढे दिवस भरत आले की सकाळ-संध्याकाळ वर झाकलेली टोपली उचलून बघायचं. बहुतेकदा खाली काहीच नसतं. टोपली पुन्हा पालथी घालायची. अशी रिकामी टोपली किती वेळा उचलली असेन, तेव्हा कुठे आजीची गोष्ट मला कळायला लागली. आई बघत नाही, गाव बघतं.

त्यानंतर चित्रात देव काढला नाही. पूजा सुटलेली नाही, उलट वाढली आहे म्हण.

आता कामाचं. पाठीची खवलं मोज. हिरव्या कासवाला कडेची मोठी खवलं चार-चार, ठरलेली. रिडलेला बहुधा सहा ते नऊ, आणि डावी-उजवी बाजू पुष्कळदा जुळत नाही. तू दोन्हीकडे सहा-सहा काढलीस, ट्रेस केल्यासारखी. मोठं कासव शेवाळी, पण पिल्लू कोळशासारखं. त्याला ट्यूबमधला काळा लावू नकोस. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळ, ओलं असतानाच थोडा रंग टिपून घे. आणि मादीच्या डोळ्यांतून ओघळतं ते अंगातलं जादा मीठ. दुःखाचे अश्रू म्हणून रंगवलंस तर मी ओळखेन हं.

चित्राच्या विक्रीतून कासवांच्या कामाला किती द्यायचं विचारलंस. जमेल तेवढं दे, चित्राखाली लिहू नकोस.

मार्चमध्ये ये. पिल्लं उजेडाच्या रोखानं चालतात, म्हणून टॉर्चला लाल जिलेटिन बांधून आण. कॅमेरा घरीच ठेव. साडेपाचला उठावं लागेल, चहा नंतर.

तुझी,
मावशी